सगीराबाईंची भिंत

भिंत मी उतरवली. माझ्या हातात कात्री होती आणि मनात सद्भाव होता. जगातली निम्मी नासधूस या दोन गोष्टी एकाच माणसाकडं एकाच वेळी आल्यामुळं होते, असं माझं आता पक्कं मत झालंय.

शनिवारची दुपार होती. आमचं कॉलेज पडेगावला, दौलताबादच्या रस्त्याला लागून, आणि तिथं मी तेहतीस वर्षं ग्रंथपाल आहे. माझं नाव राजकुमार. हे नाव पाळण्यात शोभतं, लग्नपत्रिकेत शोभतं. सत्तावन्नाव्या वर्षी पोटावरून घसरणारी पँट सावरत फिरणाऱ्या माणसाला ते शोभत नाही, पण बदलायचं तर गॅझेट काढावं लागतं, म्हणून राहिलंय.

ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत आमच्या सगीराबाईंनी एका अख्ख्या भिंतीवर कार्डं लावली होती. एकशे त्रेचाळीस. कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी सुतळीवर लटकवलेली, आणि या कार्डापासून त्या कार्डापर्यंत शिवणाचे दोरे ताणलेले. तांबडे, हिरवे, पांढरे. लांबून बघितलं तर एखाद्या शिंप्याला ताप भरल्यावर दिसेल तसं दृश्य. सोमवारी अकरा वाजता समिती येणार होती. मी म्हटलं, पाहुणे येणार आणि खोलीत हे वाळवण? सगीराबाई आईचे डोळे दाखवायला दौलताबादला गेल्या होत्या. येईपर्यंत आपण आवरून ठेवू, बाईला तेवढाच आनंद.

माझ्या हाताला मांडणीची खाज आहे. घरी मसाल्याचे डबे मी अकारविल्हे लावले, तेव्हापासून आमच्या मेघाताई, म्हणजे माझी बायको, स्वयंपाकघराची कडी आतून लावते. तर मी दोरे कापले. कार्डं उतरवली. शीर्षकाप्रमाणं अ पासून ह पर्यंत लावली आणि पुस्तकांची कार्डं ठेवायच्या, तालिकेच्या जुन्या पेटीत बसवली. पेटीच्या पितळी मुठीला ब्रासो लावलं. अडीच तास गेले. दोऱ्यांचा गुंता बाहेर घंटागाडी वाजली तेव्हा तिच्यात टाकला.

साडेचारला सगीराबाई आल्या. मी पेटीशेजारी उभा. "बघा," म्हटलं.

त्या पेटीकडं बघेचनात. भिंतीकडं बघत राहिल्या. भिंतीवर फक्त खिळे होते.

"दोरे कुठं आहेत सर?"

"घंटागाडीत."

"कधीच्या?"

"तीनच्या."

त्यांनी पर्स टेबलावर ठेवली, परत उचलली, परत ठेवली. मग म्हणाल्या, "कार्डाला काय अर्थ नव्हता सर. अर्थ दोऱ्यात होता."

हे कळायला सगीराबाई कळायला पाहिजेत, म्हणून जरा थांबतो. त्या स्वतः कधी थांबत नाहीत. सोळा वर्षांत मी त्यांचा चहा पूर्ण प्यालेला बघितला नाही. अर्ध्यावर कप ठेवतात आणि कुणाचं तरी पुस्तक शोधायला जातात. चाळिशी ओलांडलेली बाई, माहेर दौलताबादचं, मिस्टर हैदरभाई वाळूजला वेल्डर, शिक्षण बारावी. पद लायब्ररी अटेंडंट, तेही कंत्राटी. कंत्राट अकरा महिन्यांचं. अकरा महिने झाले की एक दिवस नोकरी तुटते आणि बाराव्या महिन्यात नव्यानं लागते, म्हणजे कायम करायची पंचाईत नाही. त्या तुटलेल्या दिवशीसुद्धा सगीराबाई यायच्या. पण काउंटरच्या आत नाही यायच्या. वाचकांच्या बाजूला बसून पेपर वाचायच्या, आणि मध्येच कुणी पुस्तक मागितलं की तिथूनच ओरडायच्या, "सर, तिसरं कपाट, खालून दुसरा कप्पा!"

मागायला आलेल्या माणसापुढं एक शब्द त्यांच्या तोंडून निघत नाही: 'नाही'. वाचकानं पुस्तक मागितलं आणि ते नसलं तर मी शांतपणे 'नाही' म्हणतो. मला तेवढ्यासाठीच पगार आहे असं वाटावं इतक्या शांतपणे. सगीराबाईंना ते जमत नाही. "बसा, बघते," म्हणतात, आणि मग दोन दिवस त्यांना चैन नसतं.

अडीच वर्षांपूर्वी श्रेया नावाची पडेगावचीच मुलगी आली. संगणकशास्त्राची. तिच्या वर्गाला 'भाषा प्रक्रिया आणि सिमँटिक वेब' असा एक ऐच्छिक विषय लावला होता आणि तो शिकवणारे सर अर्ध्यातून पुण्याच्या कंपनीत निघून गेले होते. मागं राहिली दहा डोकी आणि परीक्षेची तारीख. श्रेया म्हणाली, "आपा, मराठी माणसाला समजंल असं काहीतरी द्या." मी वर्गीकरणाचा क्रमांक सांगितला आणि 'नाही' म्हटलं. सगीराबाई म्हणाल्या, "बस, बघते."

ते बघणं अडीच वर्षं चाललं. माणसाची भाषा यंत्राला कशी समजावायची, यावर जालावर फुकट किती माल पडलाय हे बाईंनी शोधून काढलं. कुणा प्राध्यापकाची चाळीस-चाळीस मिनिटांची भाषणं, पुस्तकांची सुटी प्रकरणं, सोडवायच्या वह्या, सरावाला मराठी वाक्यांचे गठ्ठे. माल लई, पण ढिगारा. त्यामुळं त्या आधी स्वतः बघायच्या. तारखेच्या शिक्क्याला मोबाईल टेकवून, काउंटर सांभाळत, रोज बारा मिनिटं. कळलं नाही की श्रेयाला विचारायच्या, श्रेयाला कळलं नाही की दोघी मिळून तिसऱ्याला. मग एक कार्ड. पुढच्या बाजूला धड्याचं नाव आणि पत्ता, मागच्या बाजूला: अमकी अठराव्या मिनिटाला अडकली, अमुक बघितल्यावर सुटली.

आणि मग दोरा. तांबडा म्हणजे 'याच्या आधी ते'. हिरवा म्हणजे 'हे डोक्यावरून गेलं तर तिकडं जा'. पांढरा म्हणजे 'दोन्ही एकच सांगतात, एक बघा, वेळ वाचवा'.

सिमँटिक वेब, मराठीत अर्थजाल, म्हणजे काय, हे मला त्यांनीच एकदा सांगितलं होतं. "सर, तुमचं नाव आणि मेघाताईंचं नाव मी एका रेघेनं जोडलं, तर यंत्राला काय कळणार? नवरा-बायको, का भाऊ-बहीण, का वकील आणि अशील? नुसतं जोडून भागत नाय. रेघेवर नातं लिहावं लागतं. सगळी विद्या त्या रेघेची हाय."

मी तेव्हा मान डोलावली होती. आणि शनिवारी कात्री घेऊन त्या सगळ्या रेघा कापल्या होत्या.

सोमवारचं असं होतं. संस्थेचे संचालक विश्वजीत सर तरुण, घाईचे, आणि अत्यंत सभ्य. त्यांचं म्हणणं, आता सगळं नेटवर आहे, अटेंडंटची गरज काय? महिनाअखेर कंत्राट संपतंय, ते पुढं वाढवायचं नाही. सगीराबाई सरळ त्यांच्या केबिनमध्ये गेल्या होत्या. "नेटवर समदं हाय सर, पण कुठून सुरू करायचं ते नेटवर नाय. मी काय करते ते बघा, मग काढा." संचालकांनी बाहेरच्या एक मॅडम बोलावल्या, आमच्या प्राचार्यांना घेतलं, आणि तिघांची समिती केली. भिंत पटली तर नोकरी राहणार, नाही पटली तर महिनाअखेर बाईंनी चावी द्यायची. एवढाच सवाल होता, आणि उत्तर मी घंटागाडीत टाकलं होतं.

"एवढे दोरे मला पाठ नाय. फोटो असंल," सगीराबाई म्हणाल्या. "श्रेयानं काढला होता."

फोटो होता. भिंतीचाच होता. पण त्यात भिंतीसमोर मी उभा होतो. श्रेया फोटो काढत होती तेव्हा मी म्हटलं होतं, थांब, ग्रंथपाल म्हणून मलाही घे. डाव्या कडेला सात कार्डं दिसत होती, उजव्या कडेला नऊ. बाकी सगळा राजकुमार.

सगीराबाईंनी फोटो मोठा केला, लहान केला, माझ्या पोटावरून बोट फिरवून पलीकडं काही दिसतंय का बघितलं. "सर," म्हणाल्या, "गाडी काढा."

माझी गाडी जुनी आहे आणि मी ती चाळीसनं चालवतो. शेजारी सगीराबाई, मांडीवर तालिकेची पेटी. श्रेयाचं घर कॉलेजपासून पाच मिनिटांवर, तेवढ्यात त्यांनी तीनदा काच खाली-वर केली.

श्रेया ओट्यावर पोहे निवडत होती. सगळं ऐकून तिनं माझ्याकडं असं बघितलं की मी गाडीत जाऊन बसावं का असा विचार केला.

"सर, तुम्ही कार्डं अकारविल्हे लावली?"

"हो."

"मग पहिलं कार्ड कुठलं आलं?"

मी पेटी उघडली. पहिलं कार्ड: 'अर्थजालातले तर्कनियम'.

"हे आम्हाला शेवटी शेवटी पण झेपलं नाय," श्रेया म्हणाली. "आणि शेवटचं?"

शेवटचं कार्ड: 'हे वाक्य कुठं संपतं?' नऊ मिनिटांचा धडा. यंत्राला पूर्णविराम कसा ओळखायला लावायचा तो. सगळ्यात सोपा. सगळे तिथूनच सुरू करायचे.

"म्हणजे सरांनी गंगा उलटी नेली," सगीराबाई म्हणाल्या. हसल्या नाहीत.

दोघी जमिनीवर कार्डं मांडून बसल्या. श्रेयाच्या आईनं शिलाईचा डबा दिला. पटापट दोरे जायला लागले. शब्द वेगळे करणं, मग शब्दाची जात ओळखणं, त्याच्या आधी शक्यतेचं गणित, नाणं उडवायचं ते. श्रेया म्हणायची, "इथं तांबडा," सगीराबाई म्हणायच्या, "बरोबर." अंधार पडेस्तोवर बावीस कार्डं जागेवर आली. मला जरा बरं वाटायला लागलं. चहा आला. सगीराबाईंनी दोन घोट घेतले आणि कप ठेवला.

"बाकीचं पुंजारामला ठाऊक असंल. त्यानं समदी वाट केलीये, पहिल्यापास्नं शेवटपर्यंत. उद्या पाचोडला जाऊ."

"फोनवर विचारलं तर?"

"फोनवर तो हां हां म्हणतो सर. गिऱ्हाइकाची सवय."

रविवारी सकाळी सातला निघालो. रविवार म्हणजे पाचोडचा बाजार. आडूळ सोडलं तसे टेम्पोत शेळ्या दिसायला लागल्या, आणि एकेक टेम्पो आमच्या गाडीला मागं टाकून जायला लागला. शेळ्या आमच्याकडं वळून बघत होत्या.

"सर, हिला चौथा गिअर पण असंल की वो," सगीराबाई म्हणाल्या.

वाटेत संचालकांचा फोन आला. मी गाडी कडेला घेतली. विश्वजीत सर नेहमीप्रमाणं सभ्य. "राजकुमार सर, उद्यासाठी एक स्वच्छ यादी करायला सांगा ना त्यांना. एक ते एकशे त्रेचाळीस, क्रमानं. मॅडम बाहेरच्या आहेत, दोरेबिरे बघून त्यांचा गैरसमज व्हायचा."

फोन ठेवला आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. "सगीराबाई, यादी तयार आहे! पेटीच दाखवू. क्रमानं लावलेली आहे, मूठ चकचकीत आहे. संचालकांना हेच पाहिजे."

"पहिलं कार्ड कुठलं ते श्रेयानं सांगितलं ना?"

"त्यांना कुठं कळणार आहे?"

सगीराबाईंनी पेटी जवळ ओढली. पेटीचा कप्पा उघडायच्या, बंद करायच्या. पाचोड येईपर्यंत उघडझाप चालली.

पुंजाराम म्हणजे पन्नाशीचा गडी, कपाळाला बुक्का, बी-बियाणं आणि औषधाचं दुकान. तो या विषयात कसा आला, तर शेतकरी त्याच्या मोबाईलवर निरोप पाठवायचे. दिवसाला शंभर. कुणाच्या कपाशीवर लाल्या, कुणाला भाव पायजे, कुणाला पाऊस कधी ते पायजे, आणि कुणी नुसतं 'राम राम'. हे निरोप यंत्रानं आपोआप वेगळे करावेत असं त्याच्या डोक्यात आलं. कुणीतरी सांगितलं, पडेगावच्या लायब्ररीत एक आपा हायेत. मग दर रविवारी बाजार उरकून पडेगावला. दीड वर्ष.

दुकानात गर्दी होती. पुंजारामनं काउंटरवरून आरोळी दिली. "या आपा! सर, या! खुर्ची घ्या, ती नगं, तिचा पाय मोडका हाय."

सगीराबाईंनी गिऱ्हाइकांच्या मधूनच कार्डं काढली. "पुंजाराम, शक्यतेच्या गणितानंतर तू कुठं गेला होता? तांबडा दोरा कुठं होता?"

पुंजाराम पिशवीला गाठ मारत होता. मारतच राहिला.

"सांग की."

"आपा, राग नका येऊ देऊ."

"राग शनिवारी येऊन गेला. बोल."

"मी तुमच्या दोऱ्यानं गेलोच नव्हतो."

मागं एक म्हातारा भेंडीचं बी मागत होता. सगीराबाईंनी त्याला हातानंच थांबवलं. "म्हंजी?"

"ते नाण्याचं गणित माझ्या टकुऱ्यात शिरंना. तीन रविवार बसलो. तुम्हाला कसं सांगावं? तुम्ही एवढा दोरा बांधला. मग मी घरी काय केलं, तीनशे निरोप कागदावर उतरवले आन हातानं चार ढीग लावले. रोग, भाव, पाऊस, राम राम. लावता लावता समजलं का 'लाल्या' शब्द आला की शंभरात नव्वद बारी तो रोगाच्या ढिगात जातोय. म्हनलं, आरं, हेच ते नाणं! मग गणित बघितलं, तर गुळावानी. पण तुमच्या भिंतीवर ढीग शेवटी होते आन गणित आधी."

"मग दर रविवारी मी विचारायची, जमलं का, तर तू हां हां म्हणायचा?"

"गिऱ्हाइकाची सवय, आपा."

सगीराबाई मोडक्या खुर्चीवर बसल्या. खुर्ची कलली, त्यांनी पाय टेकून सावरली आणि तशाच बसून राहिल्या. मी सोळा वर्षांत त्यांना इतका वेळ एका जागी बघितलं नव्हतं. दोन-अडीच मिनिटं तरी असतील.

"ढिगापासून गणिताकडं," शेवटी म्हणाल्या. "अजून कुठं कुठं वाट सोडली ते सांग. समदं सांग. भेंडीवाल्या बाबाला आधी दे."

एक तास पुंजाराम सांगत राहिला आणि बी विकत राहिला. दोन ठिकाणी त्यानं त्यांचा दोरा पाळला होता, पाच ठिकाणी नाही. एका ठिकाणी तर पांढऱ्या दोऱ्याची दोन्ही कार्डं त्यानं बघितली होती. "दोन्ही एकच सांगत न्हाईत आपा. एक इंग्रजीच्या अंगानं सांगतंय. आपला शब्द वाकतो. शेत, शेतात, शेतातला, शेतातल्यांनी. इंग्रजीवाल्याला त्याचं दुखणं काय ठाऊक?"

परतीच्या वाटेवर माझं चाळीससुद्धा होईना. संधी बघून मी पुन्हा पेटीचं काढलं. "आता तर दोरेच चुकीचे निघाले. पेटी दाखवू आणि मोकळे होऊ. नोकरी तरी राहील."

"सर, मी अडीच वर्षं समजत होते का वाट मी बांधली. लोक दुसरीकडूनच जात होते." खिडकीच्या बाहेर बघत त्या बोलत होत्या, पण बोटं मोबाईलवर होती. "आता नऊ जण राहिले. एकेकाला लावते. पण 'जमलं का' असं नाय विचारणार. 'कुठून गेला' असं विचारते."

आडूळपासून बायपासपर्यंत त्यांनी नऊ जणांना फोन लावले. एक जण लग्नात होता, मागं बँड. "जोरात बोल!" एकीनं 'आपा, मी ते कार्ड कधीच उघडलं नाही' असं कबूल केलं. एक रडली. तिला वाटत होतं की तिलाच एकटीला समजत नाही, बाकी सगळे दोऱ्यानं सरळ गेले. सगीराबाई प्रत्येकाला एकच म्हणत होत्या, "बरं झालं सांगितलं." फोन ठेवला की कार्डावर लिहायच्या, आणि लिहिताना दर वेळी तोंडातल्या तोंडात "अरे अल्ला".

दुपारी दोनला आम्ही मागच्या खोलीत. नियम त्यांनी ठरवला: ज्या वाटेनं कुणीतरी खरोखर गेलंय तिथंच दोरा, आणि दोऱ्यावर चिठ्ठी, त्या माणसाच्या नावाची. आपला अंदाज म्हणून एकपण नाही. मला काम दिलं चिमटे धरायचं. मी मध्येच एक कार्ड सरळ करायला गेलो तर म्हणाल्या, "नक्को सर." मी चिमटे धरून उभा राहिलो.

सहा वाजता भिंतीवर एकसष्ट कार्डं होती. ब्याऐंशी पेटीतच राहिली.

"एकशे त्रेचाळीसची भिंत सांगितली आहे आपण त्यांना," मी म्हटलं. "निम्मीसुद्धा नाही."

"व्हय," त्या म्हणाल्या, आणि एक चिठ्ठी परत बघून परत लावली.

सोमवारी अकराला समिती आली. संचालकांची नजर आधी पेटीवरच पडली. मूठ चमकत होती ना. "वा! हे छान केलंय. अकारविल्हे? कुणी केलं?"

मी सगीराबाईंकडं बघितलं. त्यांनी 'आम्ही दोघांनी' म्हटलं असतं तरी चाललं असतं, मी शपथेवर सांगितलं असतं.

"सरांनी केलं," त्या म्हणाल्या. "चुकीचं हाय."

विश्वजीत सर सभ्यपणे हसले. "चुकीचं कसं? क्रमानं आहे. हे बघा मॅडम, पहिलं कार्ड काढतो." त्यांनी पहिलं कार्ड काढलं, पत्ता मोबाईलवर टाकला, 'अर्थजालातले तर्कनियम' सुरू झालं. आम्ही सगळे उभे. पडद्यावरचा माणूस उलटी अक्षरं आणि बाण काढत होता. संचालकांनी दीड मिनिट बघितलं. मग आवाज वाढवला, जणू ऐकू कमी येत होतं म्हणून कळत नव्हतं. तिसऱ्या मिनिटाला मोबाईल बंद केला आणि कार्ड जागेवर ठेवलं. अगदी बरोबर जागेवर, हे मला एक ग्रंथपाल म्हणून नमूद केलं पाहिजे.

बाहेरच्या मॅडम भिंतीपाशी गेल्या होत्या. "हे एवढंच? एकशे त्रेचाळीस म्हणाला होता."

"एकसष्टची खात्री हाय," सगीराबाई म्हणाल्या. "बाकीच्यातनं कोण कसं गेलं ते मला ठाऊक नाय. ठाऊक नसताना दोरा लावायचा नाय."

समोर मागायला आलेल्या माणसाला बाईंनी आयुष्यात पहिल्यांदा 'नाय' म्हणायला मुहूर्त कुठला शोधला बघा.

मॅडमनी एक चिठ्ठी वाचली. "'पुंजाराम, पाचोड. आधी हातानं ढीग, मग गणित.' हे कोण?"

"बी-बियाणं विकतो."

"समजा, मला गणिताची भीती आहे. इतिहास शिकवते मी, जुनी कागदपत्रं. त्यातली माणसं, गावं, कोण कुणाचा कोण, हे यंत्राला शोधायला लावायचंय. कुठून सुरू करू?"

सगीराबाईंचं चुळबुळणं थांबलं. त्या भिंतीजवळ गेल्या. "तुम्ही पुंजारामच्या वाटेनं जा, मॅडम. ढीग तुम्ही आधीच लावलेले असतील, फक्त त्याला ढीग म्हणत नसाल. मग हे, नावं ओळखणं. इथं तुम्ही बाराव्या मिनिटाला अडकणार, समदे अडकतात, तेव्हा हिरव्यानं इकडं या. मग नातं लिहिणं: कोण, कुणाचा, कोण. तीन शब्दांत. त्याच्या पुढं जुन्या मोडी कागदाचं काय, ते मला ठाऊक नाय. तुम्ही गेलात की तुमच्या नावाचा दोरा लावू."

मॅडमनी पर्समधून वही काढली आणि कार्डांचे पत्ते उतरवून घ्यायला लागल्या. प्राचार्य त्यांना प्रकाश पडावा म्हणून खिडकीतून बाजूला झाले. संचालक घड्याळ बघत होते, पण मॅडम लिहितच होत्या, आणि लिहिणाऱ्या बाईला थांबवणं त्यांच्या सभ्यतेत बसत नव्हतं. पाऊण तास गेला. सगीराबाई एका पायावरून दुसऱ्या पायावर.

मग तिघं केबिनमध्ये गेले. आम्ही काउंटरवर. सगीराबाईंनी परतीची पुस्तकं लावली, लावलेली काढून परत लावली. मी काही म्हणायला तोंड उघडलं की त्या उठून कपाटाकडं जायच्या. साडेबाराला शिपाई कागद घेऊन आला.

कंत्राट वाढवलं होतं. अकरा महिने. नियमाप्रमाणं एक दिवसाचा खंड देऊन. खाली मॅडमच्या अक्षरात एक ओळ होती: उरलेल्या ब्याऐंशीसाठी खोली याच कामाला राखून ठेवावी.

सगीराबाईंनी कागद दोनदा वाचला. ओढणीच्या टोकानं कपाळ पुसलं, हैदरभाईंना फोन लावला, "राहिली," एवढंच म्हणून ठेवला, आणि पेटी उचलून मागच्या खोलीकडं निघाल्या.

मला मात्र राहवेना. दोन दिवसांचा सगळा अपराध माझ्या अंगात संताप होऊन चढला होता. मी त्यांच्या मागं गेलो. "अकराच महिने? सोळा वर्षं तेच! अहो, आज मॅडम तुमच्या बाजूनं होत्या, लोखंड तापलेलं होतं. 'मला कायम करा' म्हणून एक शब्द टाकायचा होता!"

सगीराबाईंनी ब्याऐंशीतलं पहिलं कार्ड काढलं, उजेडात धरलं आणि माझ्याकडं न बघताच म्हणाल्या,

"तेहतीस वर्षं तुम्ही कायमच होता ना सर, काय केलं?"